केकवरचा टॅक्स १८ वरून ५ टक्क्यांवर, मग गल्लीतल्या बेकरीत भाव का उतरत नाही?

कर्वेनगर (पुणे) : तालुक्यातली कितीतरी पोरं-पोरी शिकायला पुण्यात राहतात. कमिन्स कॉलेज आणि महर्षी कर्वे यांच्या संस्थेमुळे कर्वेनगर भागात कॉलेजची पोरं भरपूर. रूमवर राहणाऱ्यांचा सकाळचा आधार म्हणजे चहा आणि खारी-टोस्ट, वाढदिवसाला केक. हा माल तीन ठिकाणी मिळतो. स्वतःची भट्टी असलेली बेकरी, मोठ्या ब्रँडचं केकचं दुकान आणि पाकीटबंद माल ठेवणारं किराणा दुकान. आपल्या तालुक्याच्या गावातही आता चित्र असंच आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून केक, पेस्ट्री आणि बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. म्हणजे मूळ १०० रुपयांचा केक आधी टॅक्ससह ११८ रुपयांना पडायचा, आता १०५ ला पडायला पाहिजे. पण गल्लीतल्या बेकरीवाल्याला विचारलं तर तो म्हणणार, ‘आपला भाव तोच आहे.’ गिऱ्हाइकाला वाटतं, हा लुटतोय. प्रत्येक वेळी तसं नसतं.

वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल तर माल विकणाऱ्या दुकानदाराला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. दिवसाला साधारण ११ हजारांचा गल्ला. असा बेकरीवाला गिऱ्हाइकाकडून टॅक्स घेतच नव्हता, मग कमी काय करणार? दीड कोटीपर्यंत विक्री असलेले काही जण कंपोझिशन योजनेत असतात. ते विक्रीवर १ टक्का स्वतःच्या खिशातून भरतात. त्यांनाही गिऱ्हाइकाकडून वेगळा टॅक्स घेता येत नाही.

मग त्यांचा खर्च तरी कमी झाला का? लोण्यावरचा टॅक्स १२ चा ५ टक्के झाला, तेवढा फायदा. पण बऱ्याच बेकऱ्या वनस्पती तूप वापरतात, त्यावर आधीही ५ टक्केच होता. मैद्याच्या ५० किलोच्या पोत्यावर टॅक्स नव्हताच. भट्टीला लागणाऱ्या कमर्शियल गॅस सिलिंडरवर मात्र अजून १८ टक्केच आहे.

खरी गोम पुढे आहे. आधी ब्रँडच्या केकवर १८ टक्के टॅक्स, छोट्याच्या केकवर शून्य. या फरकावर छोटा टिकून होता. आता तो फरक ५ टक्क्यांवर आला. म्हणजे टॅक्स कमी झाल्याने गिऱ्हाइकाचं भलं झालं, पण गल्लीतल्या बेकरीची स्वस्ताईची ढाल पातळ झाली. तालुक्याच्या गावात ब्रँडची शाखा उघडली, तर तिथल्या बेकरीवाल्यालाही हीच झळ बसणार.

पावाचं गणित वेगळं आहे. पाव आणि ब्रेडवर आधीही टॅक्स नव्हता, आताही नाही. टोस्टवर आधीही ५, आताही ५ टक्के. इथं टॅक्स नाही, ताजेपणा चालतो. पहाटे भट्टीतून निघालेला पाव सकाळी गरम मिळतो, हे पाकिटातल्या ब्रेडला जमत नाही. मात्र ‘बेकरी’ अशी पाटी असलेल्या प्रत्येक दुकानात भट्टी असतेच असं नाही. माल बाहेरून येत असेल तर तो ताजा आहे का, हे विचारून घ्यावं.

गिऱ्हाइकाने काय बघावं? केकच्या बिलावर जीएसटी वेगळा लावला असेल तर तो ५ टक्केच आहे ना, ते तपासा. कंपोझिशनवाल्याच्या बिलावर वेगळा टॅक्स दिसला तर हटका. बिस्किट पुड्याची किंमत तीच असेल तर वजन वाढलंय का, ते जुन्या पुड्याशी ताडून बघा. ‘गव्हाचा ब्रेड’ घेताना पाकिटामागची यादी वाचा. जो घटक सगळ्यात जास्त तो पहिला लिहावा लागतो. तिथं मैदा पहिला असेल, तर तो ब्रेड मुख्यतः मैद्याचाच.

आणि गल्लीतल्या बेकरीवाल्याशी भाव उतरला नाही म्हणून भांडण्याआधी एवढंच विचारा, ‘दादा, तुम्ही टॅक्स लावत होता का?’