नाव गाण्याच्या फाइलमध्येच हवं

जरीपटक्यात फाळणीनंतर सिंध सोडून आलेली कुटुंबं वसली आणि लागूनच आहे इंदोरा, नागपूरच्या आंबेडकरी चळवळीचा बालेकिल्ला. एकीकडे लाडे म्हणजे सिंधी लग्नगीतं, भगत कंवरराम यांच्या परंपरेतली भजनं, मास्टर चंदर यांची गाणी; दुसरीकडे लोककवी वामनदादा कर्डकांची आणि त्यांच्यामागून आलेल्यांची भीमगीतं. दोन्हीकडचं गाणं आधी कॅसेटवर होतं, मग सीडीवर आलं आणि आता हार्ड डिस्क नि पेन ड्राइव्हमध्ये पडून आहे. पडून आहे, कारण हवं तेव्हा ते सापडत नाही. असा पेन ड्राइव्ह उघडा: ‘ट्रॅक 01’, ‘ट्रॅक 02’, पुन्हा एक ‘ट्रॅक 01’, आणि गायकाच्या रकान्यात गाणं जिथून उतरवलं त्या वेबसाइटचा पत्ता. हा संग्रह लावायला आणि वाजवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, या प्रश्नाला सर्रास जी उत्तरं मिळतात ती मला मान्य नाहीत.

पहिलं उत्तर असं की फाइली सांभाळायच्याच कशाला, सगळं मोबाइलवर मिळतं. मिळतं, जोवर देणाऱ्याची इच्छा आहे तोवर. गुगल प्ले म्युझिक 2020 च्या अखेरीस बंद झालं. रेसो 31 जानेवारी 2024 ला भारतातून गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एअरटेलने विंक गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. लोकांनी तिथे वर्षानुवर्षं लावलेल्या याद्या त्या त्या कंपनीच्या मर्जीवर होत्या. आणि ‘सगळं’ म्हणजे तरी काय? घरच्या लग्नात आजीने म्हटलेला लाडा कोणत्याही ॲपवर नाही. बुद्धविहारातल्या कार्यक्रमात टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली कॅसेट तिथे नाही. ज्याची दुसरी प्रत जगात नाही, तेच आपल्याला जपायचं आहे. ॲपवर जरूर ऐका, मीही ऐकतो. पण त्याला आपला संग्रह म्हणू नका.

दुसरं उत्तर जास्त समजूतदार आहे: नीट फोल्डर करा, व्हीएलसीत वाजवा, झालं. यात तथ्य आहे, फोल्डर नसण्यापेक्षा असलेला बरा. पण फोल्डरमध्ये एका फाइलला एकच जागा मिळते आणि आपलं गाणं एका जागेत मावत नाही. आपल्या नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’ घ्या. नाटक 1967 चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांड्यांची. 2015 च्या चित्रपटात त्याच खाँसाहेबांसाठी वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे गायले. यातलं एक पद कुठे ठेवाल? वसंतरावांच्या फोल्डरमध्ये, अभिषेकींच्या, नाट्यसंगीताच्या की रागाच्या? प्रत्येक ठिकाणी प्रत ठेवली तर वर्षभरात चार प्रतींची चार नावं होतात.

भीमगीतांत तर अडचण आणखी खोल आहे. वामनदादा स्वतः गात होते, पण त्यांची गाणी पुढे कितीतरी गायकांच्या आवाजात घरोघरी पोचली. इथला ऐकणारा विचारतो, ‘हे वामनदादांचं आहे का?’ पुष्कळ सॉफ्टवेअर मात्र ‘आर्टिस्ट’ आणि ‘अल्बम’ एवढंच ओळखतं. ही मांडणी पाश्चात्त्य पॉप तबकड्यांसाठी झाली. त्यात कवी दुय्यम, आणि राग, ताल, साथीदार यांना जागाच नाही. जे सॉफ्टवेअर गीतकाराचा रकाना दाखवत नाही, ते भीमगीतांच्या संग्रहाला निरुपयोगी आहे, मग ते कितीही लोकप्रिय असो.

या मांडणीचा इतिहास एमपी3 फाइलच्या पोटात दिसतो. 1996 मध्ये फाइलच्या शेवटी 128 बाइटची एक पट्टी जोडायची पद्धत आली. तिचं नाव आयडी3. त्यात गाण्याच्या नावाला 30 बाइट, गायकाला 30. प्रकारांची ठरलेली यादी 80 नावांची. तिच्यात पोल्का आहे, अभंग नाही, नाट्यसंगीत नाही, कव्वाली नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट घेतं, काना आणि मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. त्या पट्टीत ‘वामनदादा कर्डक’ लिहू गेलं तर ते ‘वामनदादा क’वर तुटतं. 1998 मध्ये आलेल्या आयडी3 च्या दुसऱ्या आवृत्तीने जागेची ही अडचण सोडवली, गीतकार आणि संगीतकार यांना स्वतंत्र रकाने दिले. आपण ते भरत नाही, आणि पुष्कळ ॲप ते दाखवत नाहीत.

तिसरं उत्तर: सॉफ्टवेअर आपोआप सगळं भरेल. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड खरोखर उत्तम आहे. ते आवाजाचा ठसा काढतं आणि स्वयंसेवकांनी उभारलेल्या माहितीसाठ्याशी ताडून पाहतं. पण त्या साठ्यात कोणी घातलंय तेवढंच तिथे असणार. हिंदी चित्रपटगीतांना त्याचा उपयोग होतो. आजीच्या लाड्याला ते काय नाव देणार? शिवाय मास्टर चंदर यांचं नाव कुणी देवनागरीत लिहितं, कुणी सिंधीच्या अरबी लिपीत, कुणी रोमनमध्ये. तिन्ही एकच, हे माणसालाच सांगावं लागतं. ती माहिती आज सत्तरी-ऐंशीतल्या माणसांकडे आहे. त्यांच्याजवळ बसून विचारून घेण्याचं काम कोणतंही सॉफ्टवेअर करणार नाही.

सॉफ्टवेअर निवडताना रंगरूप, इक्वलायझर, नाचणाऱ्या रेषा यांवर वाद घालण्यात अर्थ नाही.

मग निवडायचं कशावरून? माझ्या मते कसोटी एकच: तुम्ही घेतलेले कष्ट साठतात कुठे? आयट्यून्समध्ये गाण्याला दिलेले तारे त्याच्या स्वतःच्या नोंदवहीत राहतात, फाइलमध्ये उतरत नाहीत. दुसरीकडे गेलात की गाणी येतात, तारे मागे राहतात. याउलट जे सॉफ्टवेअर आपली माहिती गाण्याच्या फाइलमध्येच लिहितं, ते उद्या बंद पडलं तरी तुमचं काही जात नाही. म्हणून विंडोजवर मी फूबार2000 चा पक्ष घेतो. दिसायला ते रुक्ष आहे, पहिल्यांदा मांडणी लावताना वैताग येतो, हे खरं. पण त्यात ‘राग’, ‘ताल’, ‘ठिकाण’ असे हवे ते रकाने करता येतात आणि त्यांवरून शोधताही येतं. लिनक्सवर क्वॉड लिबेट हेच करतं. नुसती नावं भरायला एमपी3टॅग सोपं पडतं. अँड्रॉइड मोबाइलवर म्युझिकोलेट आहे. ते इंटरनेटची परवानगीच मागत नाही. कॅसेट नव्याने उतरवणार असाल तर फ्लॅक या फाइल-प्रकारात उतरवा: आवाज घटत नाही आणि हवे तेवढे रकाने मिळतात. रकान्याचं नाव तेवढं रोमनमध्ये द्यावं लागतं, आतला मजकूर खुशाल देवनागरीत लिहा.

माझ्यावरही विश्वास ठेवू नका. कोणतंही सॉफ्टवेअर घेण्याआधी एका गाण्याची प्रत काढा, तिच्यात गायक, गीतकार, राग देवनागरीत लिहा, ती पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या संगणकावर दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. लिहिलेलं सगळं तिथे दिसलं तरच बाकीच्या हजार गाण्यांना हात लावा. आणि तो हात लवकर लावा, कारण कॅसेटवरचे आवाज ओळखणारी माणसं आज घरात आहेत.