दोष देण्याआधी दोष शोधावा



घरात लॅपटॉपवर नेट चालेनासे झाले की दोनच गोष्टी होतात. एक तर "लॅपटॉप बिघडला" असे म्हणतात, नाहीतर "पोरांनी काहीतरी दाबलं" म्हणून घरातल्या लहानाला बोलणी बसतात. मला या दोन्ही गोष्टी पटत नाहीत. माझे मत असे आहे की, दोष कुठे आहे हे शोधल्याशिवाय कुणालाही दोष देऊ नये. यंत्रालाही नाही आणि माणसालाही नाही.

आमच्याच घरचे उदाहरण देते. दिवाळीची साफसफाई आणि रंगकाम झाले. त्यानंतर ताई शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसली, तर लॅपटॉपवर नेट येईना. मुदत संपायला चारच दिवस उरले होते. आजी म्हणाली, "ह्या पोरीनंच गेम खेळून वाटोळं केलं असंल." मी रडले, पण माझं ऐकतो कोण? दुसऱ्या दिवशी वडिलांनी कामाचा खाडा केला, लॅपटॉप पिशवीत घातला आणि एस.टी.ने तालुक्याला नेला. तिथल्या दुकानात लावला, तर नेट लगेच चालू! दुकानदार म्हणाला, "दादा, ह्याला काय झालंय? चांगला चालतोय की." घरी आणला, तर पुन्हा तेच.

खरे तर उत्तर दुकानातच मिळाले होते. लॅपटॉप तिथे चालतो, म्हणजे दोष लॅपटॉपात नाही, घरात आहे. पण एवढे कळायला एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे गेले.

मी हे आमच्या गुरुजींना सांगितले. ते म्हणाले, "गणिताचा पडताळा पाहतेस ना, तसंच हे. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि काय झालं ते वहीत लिही. दहा गोष्टी एकदम केल्यास, तर कशानं सुधारलं ते कळणार नाही." त्यांनी सांगितलेल्या पायऱ्या सर्वांच्या उपयोगी पडतील म्हणून इथे लिहिते.

१) लॅपटॉपवर विमानाचे चिन्ह लागले आहे का ते पाहावे. ते लागलेले असले की वायफाय बंद होते. ही कळ चुकूनही दाबली जाते.

२) एका मोबाईलचे स्वतःचे नेट बंद करून तो घरच्या वायफायवर घ्यावा. मोबाईल चालला आणि लॅपटॉप चालला नाही, तर दोष लॅपटॉपात शोधावा. दोन्ही चालले नाहीत, तर राउटरची पेटी, तिची जागा किंवा बाहेरून येणारी तार पाहावी.

३) लॅपटॉप पेटीजवळ नेऊन पाहावा. तिथे चालला, तर अडचण अंतराची किंवा आडोशाची आहे.

४) पेटीवरचे दिवे पाहावेत. फायबरच्या पेटीवर एल.ओ.एस. नावाचा दिवा लाल झाला, तर तारेतून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोहोचत नाही. मग घरात खटपट करू नये, जोडणी देणाऱ्याला फोन करावा.

५) पेटीचे बटण बंद करून अर्धा मिनिट थांबावे, मग चालू करून दोन-तीन मिनिटे वाट पाहावी. मात्र पेटीच्या बारीक भोकात टाचणी घालू नये. त्याने पेटीत भरलेली सगळी माहिती पुसली जाते.

६) पेटी प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देते. घर क्रमांक नसला तर पोस्टमन पत्र कुठे टाकणार? तसेच हे. लॅपटॉपच्या माहितीत १६९.२५४ ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर बहुधा पेटीकडून क्रमांक मिळालेलाच नाही असे समजावे. अशा वेळी वायफायचे नाव 'विसरा' करून सांकेतिक शब्द पुन्हा टाकावा.

७) लॅपटॉपची तारीख पाहावी. जुन्या लॅपटॉपची तारीख मागे गेली असली, तर वायफाय जोडलेले दिसते, पण पुष्कळशी पाने उघडत नाहीत.

आमच्या घरी तिसऱ्या पायरीलाच उलगडा झाला. मधल्या खोलीत मोबाईलही चालेना आणि लॅपटॉपही चालेना. पेटीजवळ नेले, तर दोन्ही चालू! मग लक्षात आले की रंगकामाच्या वेळी पेटी टेबलावरून उचलून लोखंडी कपाटामागे ठेवली होती, ती तिथेच राहिली.

आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी कोलकात्यात तारेशिवाय भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. वायफायच्या लहरीही भिंतीतून जातात, पण जाड भिंतीत दुबळ्या होतात. लोखंडी पत्रा तर त्यांना परतवून लावतो. पाण्याने भरलेली टाकीही त्यांना शोषून घेते. त्यातही ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण भिंतीपलीकडे कमी पोहोचतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी मंद, पण लांब जातात. म्हणून पेटी उंच, मोकळ्या आणि घराच्या मध्यावरच्या जागी ठेवावी.

पेटी पुन्हा टेबलावर आली आणि ताईचा अर्ज मुदत संपायच्या आदल्या दिवशी गेला. आजीनं मला गुळाचा खडा दिला, पण बोललेलं मागं काही घेतलं नाही!

कुणी म्हणेल, "ही कामं पोरांची नव्हेत, कारागीर बोलवावा." पेटी उघडणे, विजेच्या तारांना हात लावणे ही कामे आपली नव्हेतच, हे मलाही मान्य आहे. पण पाहायला, लिहायला आणि विचार करायला कारागीर कशाला हवा? उलट पाहून ठेवले असले, तर कारागिराला नेमके सांगता येते आणि पैसे वाचतात.

पालकांना माझी विनंती आहे की, पोरांना रागावण्याआधी त्यांना सोबत घेऊन या सात पायऱ्या तपासाव्यात. आणि मित्रमैत्रिणींनो, आपल्याकडून एखादी कळ खरोखरच दाबली गेली असेल, तर लपवू नका, लगेच सांगा. म्हणजे दोष लवकर सापडेल आणि उगाच दुसऱ्यावर आळ येणार नाही.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी