चरबी की ग्रंथी? मुलांच्या छातीचा न बोलला जाणारा प्रश्न



मुलगा १३-१४ वर्षांचा झाला की त्याचा आवाज फुटतो, मिसरूड दिसू लागते, पँट आखूड होऊ लागते. हे सगळे बदल घरात कौतुकाने बोलले जातात. एक बदल मात्र मुलगा लपवून ठेवतो. त्याची छाती पुढे आल्यासारखी दिसू लागते. मग तो उन्हाळ्यातही शर्टाच्या आत दोन बनियन घालतो, खांदे पाडून चालतो, कबड्डीला बोलावले की पोट दुखते म्हणून घरात बसतो. वर्गातली मुले नावे ठेवतात. घरी आलेले पाहुणेही हसत हसत चिमटा काढतात आणि त्यांना वाटते आपण गंमत केली.

या विषयावर आमच्याकडे कोणी उघडपणे पत्र लिहीत नाही. लिहिलेच तर "माझ्या एका मित्राला असा त्रास आहे" अशी सुरुवात असते. म्हणून आज आम्ही हा विषय आई-वडील आणि मुले अशा सर्वांसाठी एकत्र मांडत आहोत. हे पान मुलाच्या हाती पडेल असे ठेवा.

बाहेरून सारखे, आतून वेगळे

पुरुषाची छाती पुढे दिसण्याची मुख्य कारणे दोन. पहिले, कातडीखाली साठलेली साधी चरबी. दुसरे, स्तनग्रंथीची खरीखुरी वाढ. पुरुषालाही स्तनाग्रामागे थोडीशी ग्रंथी जन्मतःच असते. ती एरवी झोपलेली असते. शरीरात स्त्रीसंप्रेरकाचा, म्हणजे इस्ट्रोजेनचा जोर पुरुषसंप्रेरकाच्या तुलनेत वाढला की ती वाढू लागते. या वाढीला डॉक्टर गायनेकोमॅस्टिया म्हणतात. प्रत्येक पुरुषाच्या शरीरात दोन्ही संप्रेरके असतात, म्हणून "बाईचे संप्रेरक आपल्या मुलात कुठून आले?" असे घाबरण्याचे कारण नाही.

शर्टावरून पाहिले तर दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. उपाय मात्र वेगळे आहेत. चरबी असेल तर वजन उतरल्यावर ती उतरते. ग्रंथी कितीही जोर मारले तरी विरघळत नाही. हा फरक न समजल्यामुळे एखादा सडपातळ मुलगा भाकरी अर्धी करून उपाशी राहतो, तर दुसऱ्या घरी साध्या चरबीवर तेले आणि पुड्या घेण्यात पगार जातो.

बोटांनी कसे पाहावे

ही तपासणी मुलाने स्वतःच करावी. वडिलांनी किंवा मोठ्या भावाने मदत करायची असेल तर आधी त्याला विचारावे. आंघोळीच्या वेळी अंगाला साबण असेल तर बोटे सहज सरकतात आणि आतले नीट समजते. नाहीतर नंतर चटईवर पाहावे.

चटईवर उताणे झोपावे. हात डोक्याखाली घ्यावेत. आता फुगलेल्या भागाच्या दोन्ही कडांना अंगठा आणि पहिले बोट ठेवावे, आणि ती दोन बोटे हलकेच दाबत स्तनाग्राकडे आणावीत. घाई करू नये.

चरबी असेल तर बोटांना मध्ये काहीच अडत नाही. मळलेल्या कणकेसारखा मऊ भाग लागतो आणि बोटे थेट स्तनाग्रापर्यंत येतात. काखेच्या पुढच्या घडीत किंवा पोटाच्या बाजूला चिमटा घेऊन पाहा, तिथलीही चरबी तशीच लागेल. ती सहसा दुखत नाही.

ग्रंथी असेल तर बोटे स्तनाग्राच्या काळसर वर्तुळाजवळ येताच कशाला तरी अडतात. बरोबर स्तनाग्राखाली, मधोमध, शाळेच्या खोडरबरासारखी चिवट चकती लागते. तिला कड असते, ती बोटाखाली थोडी हलते. कधी ती रुपयाच्या नाण्याएवढी, कधी त्याहून लहान किंवा मोठी असते. नवीन वाढ असेल तर दाबल्यावर दुखते, शर्टाचे कापड घासले तरी हुळहुळते. ती बहुधा दोन्ही बाजूंना असते, पण एक बाजू आधी किंवा जास्त वाढलेली असू शकते.

काही जणांत दोन्ही असते, मधोमध चकती आणि भोवती चरबी. याचेही कारण आहे. चरबीच्या पेशींमध्ये अ‍ॅरोमाटेज नावाचे द्रव्य असते, ते पुरुषसंप्रेरकाचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. वजन फार वाढले तर ग्रंथीलाही खतपाणी मिळते. अशा वेळी बोटांनी नक्की कळत नसेल तर डॉक्टर सोनोग्राफी सांगतात. एकदा पाहून झाले की रोज दाबून पाहत बसू नये. दाबल्याने दुखणे तेवढे वाढते.

वयाच्या तीन पायऱ्या

ही ग्रंथी आयुष्यात तीन वेळा डोके वर काढते.

पहिली वेळ जन्मल्यावर. आईची संप्रेरके गर्भात बाळापर्यंत पोहोचलेली असतात, म्हणून निम्म्याहून अधिक नवजात बाळांची छाती, मुलगा असो की मुलगी, थोडी फुगलेली असते. कधी दुधासारखे थेंबही येतात. आपल्याकडे आजीबाई किंवा मालिश करणारी बाई "दूध साठले आहे" म्हणून ते पिळून काढते. माता-भगिनींनो, हे कधीही करू देऊ नका. पिळल्याने कोवळ्या भागाला जखम होते, जंतू शिरतात, पू होतो, आणि बाळाला दवाखान्यात ठेवावे लागते. मुलीच्या बाबतीत पुढे स्तनाची वाढच बिघडू शकते. हात लावला नाही तर सूज काही आठवड्यांत आपोआप उतरते.

दुसरी वेळ वयात येताना, साधारण १२ ते १४ व्या वर्षी. सुमारे निम्म्या मुलांना कमी-अधिक प्रमाणात ही वाढ होते, म्हणजे वर्गातली जी मुले हसतात त्यांतल्या कित्येकांच्या शर्टाखालीही ती असते. बहुतेकांची ६ महिने ते २ वर्षांत आपोआप ओसरते. मुलगा एरवी निरोगी असेल, वयात येण्याची बाकी लक्षणे वेळेवर दिसत असतील, तर वाट पाहणे हाच उपचार. यावरून त्याच्या पुरुषत्वाबद्दल किंवा पुढे मुले होण्याबद्दल शंका घेणे चुकीचे आहे.

तिसरी वेळ पन्नाशीनंतर. वयानुसार पुरुषसंप्रेरक घटते, अंगावर चरबी चढते आणि औषधांच्या गोळ्याही सुरू झालेल्या असतात.

कारण गोळ्यांच्या डबीतही असते

मोठ्या माणसाची ग्रंथी वाढली तर आधी घरातली औषधे पाहावीत. अंगावरची सूज उतरवण्यासाठी हृदयाच्या व यकृताच्या रुग्णांना देतात ते स्पायरोनोलॅक्टोन, पित्तासाठी घेतले जाणारे सिमेटिडिन, बुरशीवर पोटात घ्यायचे किटोकोनाझोल, प्रोस्टेटसाठी किंवा केस गळतात म्हणून घेतले जाणारे फिनास्टेराइड, यांनी ग्रंथी वाढू शकते. क्षयरोगावरच्या आयसोनियाझिडनेही क्वचित असे होते. येथे आम्ही हात जोडून सांगतो, टीबीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. छातीवरची गाठ जिवावर बेतत नाही, अर्धवट सोडलेला टीबी बेततो. डॉक्टरांना सांगा, काय बदलायचे ते तेच ठरवतील.

व्यायामशाळेत शरीर लवकर फुगावे म्हणून काही तरुणांना सुया आणि गोळ्या दिल्या जातात. त्यांत पुरुषसंप्रेरकासारखी स्टिरॉइड असतात. शरीर त्यांतल्या काहींचे इस्ट्रोजेन बनवते. दंड फुगतात आणि त्याबरोबर स्तनग्रंथीही वाढते.

दारूने यकृत सुकले, मूत्रपिंडे निकामी झाली, थायरॉइडचा जोर वाढला किंवा वृषणात गाठ झाली, तरी हेच लक्षण दिसते. क्लाइनफेल्टर नावाच्या जन्मजात स्थितीत मुलात एक्स गुणसूत्र एक जास्त असते. ५०० ते १००० मुलग्यांमागे साधारण एकात ती आढळते. त्यात वृषण लहान आणि घट्ट राहतात. म्हणून डॉक्टरांनी छातीबरोबर अंडकोशही तपासला तर मुलाने बिचकू नये. ती तपासणी आवश्यक आहे.

हा खात्यापित्या घरचा आजार आहे असे समजणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी १९४५ मध्ये छावण्यांतून सुटलेल्या उपाशी युद्धकैद्यांना पोटभर अन्न मिळू लागले, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांच्या स्तनग्रंथी सुजल्या. उपासमारीत मंदावलेली संप्रेरके अन्न मिळताच पुन्हा जागी होतात आणि काही काळ त्यांचा तोल जातो. मोठ्या दुखण्यातून उठलेल्या, वजन भरून येत असलेल्या माणसालाही असे होऊ शकते.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

"पुरुषाला कुठे स्तनाचा कर्करोग होतो?" असे म्हणून पन्नाशी-साठीचे कर्ते पुरुष गाठ वर्ष-वर्ष अंगावर काढतात. स्तनाच्या कर्करोगाच्या दर १०० रुग्णांत साधारण एक पुरुष असतो. संख्या कमी, पण उशीर झाला की उपचार अवघड होतात. पुढीलपैकी काहीही आढळले तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.

गाठ खड्यासारखी कडक आहे, स्तनाग्राच्या मध्यावर नसून बाजूला आहे, किंवा जागची हलत नाही. स्तनाग्र आत ओढले गेले आहे, त्यातून रक्त किंवा पाणी येते. वरची कातडी खळी पडल्यासारखी ओढली जाते किंवा जखम बरी होत नाही. काखेत गाठ लागते. अंडकोशात गाठ आहे.

याशिवाय वयात येण्यापूर्वीच मुलाची छाती वाढली, वाढ फार झपाट्याने झाली, किंवा दोन वर्षे होऊनही ती ओसरली नाही, तरी डॉक्टरांना दाखवावे.

पैसा कुठे घालवू नये

चरबी असेल तर सबंध शरीराचे वजन हळूहळू उतरवावे लागते. फक्त छातीचीच चरबी उतरवणारा व्यायाम नाही. वडापाव, फरसाण, थंड पेयांच्या बाटल्या आणि दिवसाला पाच-सहा गोड चहा कमी करा. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी कमी करू नका, वाढत्या मुलाला ती लागतेच. रोज तासभर मैदानावर खेळला तरी पुष्कळ झाले. जोर-बैठका अवश्य काढाव्यात, पण त्यांनी चरबीमागचा स्नायू भरतो, ग्रंथी जात नाही. उलट वजन उतरल्यावर ग्रंथीची चकती अधिक उठून दिसू शकते. तेव्हा मुलाने "मेहनत फुकट गेली" म्हणून खचू नये.

छाती सपाट करणारे तेल, लेप, चूर्ण यांच्या जाहिरातींना भुलू नका. वरून चोळलेल्या तेलाने ग्रंथी वितळत नाही. वाढ नवीन आणि दुखरी असेल तर डॉक्टर काही वेळा संप्रेरकाचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्या देतात. साधारण वर्षभरानंतर आतली ग्रंथी तंतुमय, घट्ट होते, मग गोळ्यांचा फारसा उपयोग राहत नाही. अशी जुनी ग्रंथी मुलाचे जगणे अवघड करत असेल तर शस्त्रक्रिया हा मार्ग आहे. तो नवा नाही. सातव्या शतकात पॉलस एजिनेटा या ग्रीक वैद्याने पुरुषांच्या स्तनवाढीवर चंद्रकोरीसारखा छेद देऊन करायची शस्त्रक्रिया लिहून ठेवली आहे. आजही बहुधा काळसर वर्तुळाच्या कडेने अर्धगोल छेद घेऊन ग्रंथी काढतात आणि भोवतीची चरबी नळीने ओढून घेतात. नुसती चरबी ओढली तर घट्ट चकती मागे राहते. म्हणून बोटांनी न तपासता थेट खर्चाचा आकडा सांगणाऱ्यापासून सावध राहा.

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी हे आधीच पाहून घ्यावे. तेथील वैद्यकीय तपासणीत छाती पाहिली जाते आणि स्पष्ट दिसणारी ग्रंथीवाढ अपात्रतेचे कारण ठरू शकते. भरतीची तारीख जाहीर झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा वर्षभर आधी सर्जनचा सल्ला घेतला तर वाट पाहायलाही वेळ मिळतो आणि उपचारालाही.

दवाखान्यात काय सांगावे

महापालिकेच्या, जिल्हा किंवा कामगार विमा रुग्णालयात केसपेपर काढून सर्जरीच्या ओपीडीत जा. लाजून "छातीत दुखते" एवढेच सांगितले तर हृदयाची पट्टी काढतील आणि घरी पाठवतील. सरळ सांगा, "स्तनाग्राखाली गाठ लागते, इतक्या महिन्यांपासून आहे, दुखते किंवा दुखत नाही." चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घेऊन जा. व्यायामशाळेतले काही घेतले असेल तर तेही सांगा. डॉक्टर ते जाणून घेतात ते उपचारासाठी, रागावण्यासाठी नव्हे. वृषणाविषयी आई बाहेर गेल्यावर बोलायचे असेल तर मुलाने तसे म्हणावे, तो त्याचा हक्क आहे.

आणि वडीलधाऱ्यांनो, बाकी काही जमले नाही तरी एक करा. घरात त्या मुलाला नाव ठेवणे आजच बंद करा आणि पाहुण्यांनाही ठेवू देऊ नका. ज्या मुलाला घरात कोणी हसत नाही, तो गाठ लागली की आधी घरात सांगतो.