कारखान्याचे मिश्रपीक



जर्मनीतील शेफलर बंधूंचा कारखाना १९४६ सालचा. महायुद्धानंतर तिथे लाकडी हातगाडेसुद्धा बनत. पुढे बेअरिंग आली, क्लच आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हिटेस्को ही कंपनी सामावून घेऊन विजेच्या गाड्यांच्या कामाचा पसारा वाढवला. इंजिनाच्या गाड्यांचे भाग मात्र सोडले नाहीत. आपण कपाशीत तूर घेतो, तसेच हे.

विजेच्या गाडीला पायाचा क्लच नसतो, इंजिन ऑईल नसते. पण बेअरिंग आणि गिअर लागतातच. म्हणून आयटीआयला जाणाऱ्या मुलाला इंजिनाबरोबर विजेचेही काम शिकू द्या.

आणि ट्रॅक्टर चालवताना क्लचवर उगाच पाय ठेवू नका. प्लेट झिजते, अन् ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा राहतो.