निवेदन नुसतं द्यायचं की पटवायचंही?

गेल्या आठवड्यात बारावीच्या तीन मुली ऑफिसात आल्या. कॉलेज पाचला सुटतं, त्यांच्या रस्त्याची एसटी साडेचारलाच निघून जाते. पुढची गाडी साडेसातची. अंधार पडतो म्हणून दोघींच्या घरी कॉलेज बंद करायचं बोलणं सुरू झालंय. "सर, निवेदन लिहिलंय. बातमी लावा ना."

वाचलं. अर्धं पान साहेबांच्या मोठेपणाचं, उरलेलं धमकीचं. "मागणी मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील." पण किती मुली, कोणती गावं, गाडी किती वाजता हवी? काहीच नाही.

यात आम्हा पत्रकारांचाही दोष आहे. निवेदन देतानाचा फोटो आम्ही मोठा छापतो, दहा नावं छापतो आणि मागणी दोन ओळींत उरकतो. फोटो आला म्हणजे काम झालं, असं लोकांना वाटायला लागलंय.

मुलींना म्हटलं, १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला दिलेलं निवेदन वाचा. आपला अनुभव पुणे आणि आसपासच्या खेड्यांचा आहे, हे ते सुरुवातीलाच सांगतात. उगाच सगळ्या जगाच्या वतीने बोलत नाहीत. मग मुद्दा मांडतात: सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामातून आणि शिक्षणाचा लाभ मिळतो वरच्या वर्गाला. वरच्यांना शिकवलं की शिक्षण आपोआप खाली झिरपेल, हा समोरच्यांचा युक्तिवाद ते टाळत नाहीत, खोडून काढतात. आणि मागणी मोजूनमापून: किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षकाला निदान १२ रुपये पगार द्या, मोठ्या गावात १५ ते २०.

कुणी म्हणेल, सरकारने ऐकलं का? लगेच नाही ऐकलं. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा केंद्राचा कायदा व्हायला २००९ उजाडलं. पण ती मागणी आजही वाचली की पटते. आणि हो, आंदोलनाशिवाय काही प्रश्न हलत नाहीत, हेही मला मान्य आहे. पण नेमकं काय हवंय हे ठरलेलं नसलं, तर आंदोलनसुद्धा आश्वासन घेऊन घरी परततं.

मुलींनी निवेदन नव्याने लिहिलं. चार गावं, २३ मुली, प्रत्येकीच्या पासचा नंबर. नवी गाडी मागितली नाही, साडेचारची पाच-दहाला सोडा म्हणाल्या. ड्रायव्हर-कंडक्टरच्या ड्युटीचं काय, असं आगारात विचारणार हे ओळखून आधी कंडक्टरलाच भेटल्या. ती गाडी मुक्कामी आहे, उशिरा सुटली तरी पुढची फेरी बुडत नाही. साडेचारच्या इतर प्रवाशांनाही विचारलं. बाजारहाट करून परतणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची अडचण निघाली ती फक्त गुरुवारची, बाजाराच्या दिवसाची. म्हणून गुरुवारी जुनीच वेळ ठेवा, असं स्वतःहून लिहिलं. धमकीची ओळ काढून टाकली.

काल निवेदन दिलं. साहेब उभ्याउभ्याच वाचायला लागले. मग "बसा" म्हणाले आणि विचारलं, "पण बाजाराच्या दिवशी काय करायचं?" एकीने पान उलटून दाखवलं.

गाडीची वेळ अजून बदललेली नाही. बदलली तर इथे सांगेन, नाही बदलली तर तेही सांगेन आणि त्या २३ जणींच्या मागणीची बातमी पूर्ण लावेन, फोटोशिवाय.

तुमच्या गावचं एखादं निवेदन धूळ खात पडलं असेल, तर एकदा काढून वाचा. त्यातली विशेषणं आणि धमकी खोडा. खाली काय उरतं ते बघा. काहीच उरलं नाही, तर साहेबांनी तरी काय वाचायचं?

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर का नाही, ते जरूर लिहा.