ट्रकवर मोडलेली बाईक आणि आपला पगार

धाहरान, खोबर आणि दम्माम ही तीन शहरं एकमेकांना चिकटलेली. जेवणाचे डबे, औषधं, पार्सल पोचवणारी आपली पोरं या तिन्ही ठिकाणी बाईकवर दिसतात. काम हललं की बाईकही हलते. ट्रकवर चढवून कधी जुबैलला, कधी थेट चारशे किलोमीटरवरच्या रियाधला. दोर सैल बांधला तर टाकी चेपते, हँडल वाकतं. मग महिनाअखेरीला पगारात कापाकापी! विचारलं तर मुदीर म्हणतो, "बाईक तुझ्या नावावर लिहिलीय, तूच भर."

भावांनो, कायदा असं म्हणत नाही. सौदी कामगार कायद्याचं (२००५) कलम ९१ नीट समजून घ्या. कंपनीची वस्तू कामगाराच्या ताब्यात असताना, त्याच्या चुकीने किंवा सूचना मोडल्यामुळे बिघडली, तरच मालक दुरुस्तीचे पैसे पगारातून कापू शकतो. चूक तिसऱ्या माणसाची असेल तर नाही. बाईक ट्रकवर, बांधणारा दुसरा, चालवणारा तिसरा, आणि आपण कॅम्पात झोपलेलो. यात आपली चूक कुठली?

आणि चूक खरंच आपली असली तरी एका महिन्यात पाच दिवसांच्या पगारापेक्षा जास्त कापता येत नाही. हिशेब करा. पगार १५०० रियाल, म्हणजे दिवसाचे ५०. महिन्याला जास्तीत जास्त २५०. खर्च १८०० दाखवला तरी तो एकदम कापायचा नाही, आठ महिन्यांत वळता करायचा.

आरोप किंवा खर्चाचा आकडा पटत नसेल तर तक्रार करता येते. पण कंपनीने कळवल्यापासून कामाचे १५ दिवस एवढीच मुदत आहे. "बघू पुढच्या महिन्यात" म्हणालात की हक्क गेला. आधी मनुष्यबळ मंत्रालयाकडे तडजोडीसाठी अर्ज करायचा, फोन १९९११. तिथे २१ दिवसांत मिटलं नाही तर प्रकरण कामगार न्यायालयात जातं, ते दम्माममध्येच आहे. रियाधचा भारतीय दूतावास आणि सरकारचं 'मदद' पोर्टल यांनाही कळवून ठेवा.

पण पुरावा लागतो, आणि तो आपल्याच हातात असतो. बाईक ट्रकवर चढवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, किलोमीटरच्या आकड्यासकट. ट्रकचा नंबर टिपा. उतरल्यावर काही मोडलेलं दिसलं तर सही करण्याआधी त्याच पावतीवर लिहा आणि पावतीचा फोटो घ्या. स्वतःची बाईक ट्रकने पाठवतानाही हेच करा. अरबी कागद वाचून घेतल्याशिवाय सही नको, कारण वाद झाला तर अरबी मजकूरच धरला जातो. कोऱ्या कागदावर तर अजिबात नको.

"तक्रार केली तर एक्झिट मारतील" ही भीती आम्हाला कळते. गावाकडे कर्ज असलेल्या माणसाला ती वाटणारच. म्हणून एकट्याने भांडू नका. एका कॅम्पात चौघांचे पगार असे कापले असतील तर चौघांनी मिळून, कागद घेऊन जा. आपल्या हातून नुकसान झालं तर भरून देऊ, नियमाने देऊ. पण दुसऱ्याने सैल बांधलेल्या दोराचे पैसे आपल्या पोरांच्या फीमधून का जावेत?