इडलीला डोळे नकोत!

मध्यंतरी एका रविवारी सकाळी साडेसात वाजता एक इडली माझ्याकडे टक लावून बघत होती.

मी चष्मा पुसला. तरी ती बघतच होती. मिऱ्याचे दोन डोळे, गाजराचं नाक, टोमॅटोच्या सालीचे ओठ आणि डोक्यावर कोथिंबिरीचं जावळ. शेजारी तिच्या आणखी तीन बहिणी. त्याही हसत होत्या. इतकी वर्षं मी इडली खात आलो, पण आजवर एकाही इडलीनं माझ्याशी नजरानजर करण्याचं धाडस केलं नव्हतं. चमचा उचलला खरा, पण तो घालायचा कुठं? नाकापासून सुरुवात करावी तर क्रूरपणा वाटतो, हनुवटीकडून खावी तर ती शेवटपर्यंत तशीच बघत राहते!

"बाबा, थांबा थांबा, हात लावू नका! फोटो काढायचाय अजून," सूनबाई ओरडली.

तेव्हा मला उलगडा झाला, की आमच्या घरात 'थीम' शिरली आहे.

आमच्या लहानपणी हा शब्द नव्हता. म्हणजे थीम होती, पण एकच. 'कालचं संपवा.' काल पोळ्या उरल्या असतील तर आजची थीम कुस्करा. भात उरला असेल तर आजची थीम फोडणीचा भात. पोळी आणि भात दोन्ही उरले तर मात्र घरात सणासुदीचं वातावरण असे. आता तसं नाही. आमची नात चार वर्षांची आहे. तिच्या बालवाडीत सोमवारी लाल रंग, मंगळवारी पिवळा, बुधवारी फळं, गुरुवारी जंगलातले प्राणी आणि शुक्रवारी समुद्र. डबा त्या त्या दिवसाला शोभेलसा हवा. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात काकडीची मगर होते, केळ्याचा डॉल्फिन होतो आणि उकडलेल्या अंड्याचा उंदीर होतो. जपानात अशा नटवलेल्या डब्याला 'क्याराबेन' असं नावच आहे म्हणतात. ती शिस्तीची माणसं. त्यांना जमत असेल. आमच्याकडे मगर कापता कापता रिक्षावाला खाली येऊन हॉर्न वाजवायला लागतो आणि मग त्या मगरीला शेपूट न लावताच शाळेत जावं लागतं.

यात माझा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध आहे. पोळीचा ससा करताना साच्याच्या आत येतो तो ससा. साच्याच्या बाहेर जी उरते ती पोळी कोण खातं? गेले सहा महिने मी सशांच्या, चांदण्यांच्या आणि फुलपाखरांच्या कडा खाऊन जगतो आहे. परवा तर ससाही माझ्याच पानात आला. नात म्हणाली, "नको, त्याला दुखेल." पोरीचं बरोबर होतं. आधी त्याला कान लावायचे, मिशा लावायच्या, "बघ बघ, किती गोड ससुला!" म्हणायचं, आणि लगेच "चल, आता याचं डोकं खा" म्हणायचं, ही कुठली रीत?

आता यावर सूनबाईचा मुद्दा असा, की त्या निमित्तानं मुलं भाज्या खातात. मी नीट पाळत ठेवून सांगतो, खात नाहीत. मगरीचे डाळिंबाचे दात खातात आणि काकडी परत येते.

पण माझा खरा राग या गोष्टींवर नाही. कडा मी खाईन. आमच्या पिढीला कडांची सवय आहे. राग आहे तो एका शुक्रवारचा.

त्या दिवशी समुद्र होता. सूनबाईनं गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात घालून त्या पाण्यात भात शिजवला. निळाशार! निळ्या रंगाचं अन्न आमच्या पिढीनं फक्त बुरशी आल्यावर पाहिलेलं, पण ते असो. त्या भातावर गाजराचे मासे, ढोबळ्या मिरचीचं शेवाळ, भोपळ्याची नाव. पोर पहाटेपासून उठून स्टुलावर उभी. "आई, मी मासा ठेवू?" "नको, वाकडा होईल." "मी शेवाळ लावू?" "हात नको लावू, राणी." "मग मी काय करू?" "तू बघ ना, किती छान होतंय ते!" पाऊण तास ती नुसती बघत होती. शेवटी तिनं हळूच एक बोट त्या समुद्रात बुडवलं. बोटाएवढा खड्डा पडला. आई ओरडली, पोर रडली, समुद्र दुरुस्त झाला, फोटो निघाला. फोटोत पोर हसते आहे. डोळे मात्र नीट बघा, लाल आहेत.

मला सांगा, हा खेळ मग कोणाचा? मुलांसाठी म्हणून मांडलेल्या खेळात मूल सोडून सगळ्यांना जागा आहे. आईला आहे, मोबाइलला आहे, ज्यांना तो फोटो जाणार त्या सोळा मैत्रिणींना आहे. मुलानं फक्त स्टुलावर उभं राहून टाळ्या वाजवायच्या. याला मुलांबरोबर केलेला स्वयंपाक म्हणत नाहीत; याला मुलांदेखत केलेलं प्रदर्शन म्हणतात.

लगेच 'म्हाताऱ्याला नवं काही बघवत नाही' असं म्हणू नका. खाण्यातून चित्रं करायचा मक्ता काही परदेशानं घेतलेला नाही. संक्रांतीला लहान मुलांना हलव्याचे दागिने घालतो ते काय आहे? गुढीला साखरेच्या गाठी बांधतो ते? लग्नातलं रुखवत तर थीमचं माहेरच! आणि बोरन्हाणाला बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हरभरे मुलाच्या डोक्यावरून ओततो, तेव्हा तर मूलच त्या पदार्थाच्या मध्यभागी बसलेलं असतं. फरक एवढाच, की तिथं मुलांच्या हाताला मज्जाव नव्हता. आई पोळ्या लाटायची तेव्हा शेवटचा गोळा आमचा. त्याची चिमणी करायची. मळून मळून ती कावळ्याच्या रंगाची व्हायची. पण तव्यावर ती आईच्या पोळीच्या मानानंच भाजली जायची आणि ताटात वाढली जायची. दिवाळीत शंकरपाळ्यांचं कातण हातात मिळावं म्हणून आम्ही भावंडं मारामारी करत असू. माझे शंकरपाळे महाराष्ट्राच्या नकाशासारखे होत. कोणी फोटो काढला नाही. पाहुण्यांनी खाल्ले. त्या दिवशी आपण घरातले कोणीतरी आहोत असं वाटलं, ते अजून वाटतं.

मूल तीन-चार वर्षांचं झालं की त्याला मटार सोलता येतात, कोथिंबीर निवडता येते, कणीक तिंबता येते, लिंबू पिळता येतं. सुरी आणि तापलेलं तेल एवढं त्याच्यापासून लांब ठेवा. आणि हो, सजावटीसाठी अख्खी द्राक्षं, अख्खे शेंगदाणे डब्यात घालू नका. एवढ्याशा गळ्यात ते अडकतात. द्राक्ष उभं चिरून चार फोडी करा. मग त्याचा मासा होवो न होवो.

लिंबावरून आठवलं. त्याच शुक्रवारी संध्याकाळी तो निळा भात थोडा उरला होता. (थीम कुठलीही असो, 'कालचं संपवा' मरत नाही.) मी नातीला लिंबाची फोड दिली आणि म्हटलं, "पीळ." तिनं दोन्ही मुठींनी पिळलं. थेंब पडले तिथं भात जांभळा झाला! गोकर्णाचा रंग आंबटानं बदलतो, एवढीच गंमत. पण पोरीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू सूर्य तिनंच उगवला. "मी केलं! आबा, हे मी केलं!" आणि तो अख्खा वाडगा, मासे नाहीत, नाव नाही, काही नाही, तिनं स्वतःच्या हातानं संपवला. सूनबाई दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही. मीही बोललो नाही. सासऱ्यानं जिंकल्यावर गप्प बसावं, हे मी अनुभवानं शिकलो आहे.

पुढच्या आषाढी अमावास्येला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला, तिनंच परात खाली जमिनीवर घेतली. दोन वाट्या कणीक, पाऊण वाटी गूळ अर्धी वाटी कोमट पाण्यात विरघळवून, दोन चमचे तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ, वेलची. घट्ट मळायचं, दिवे करायचे, मोदकपात्रात पंधरा-वीस मिनिटं वाफवायचे, वर तूप. मायलेकी दोघी मांडी घालून बसल्या. सूनबाईचे दिवे एकसारखे, सुबक. नातीचा पहिला दिवा वाकडा झाला, दुसरा बसला, तिसऱ्यानंतर तिनं दिव्यांचा नाद सोडला आणि भलतंच काहीतरी वळून माझ्यापुढे धरलं.

"आबा, ओळखा!"

"बटाटा?"

"हत्ती आहे तो!"

"सोंड कुठाय?"

"तो पाठमोरा बसलाय."

आता यावर काय बोलणार? हत्ती दिव्यांबरोबर वाफवला गेला. आमची ही म्हणाली, "अहो, याचा तरी फोटो काढा कोणीतरी." पण सूनबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेनं बरबटलेले, नातीचे त्याहून जास्त, आणि मला तो मोबाइल उघडता येत नाही. तेव्हा फोटो राहिलाच.

हत्ती माझ्या पानात वाढण्यात आला. थोडा चिवट होता, गूळ एका बाजूला गोळा झाला होता. पण त्याला डोळे नव्हते. मी सुखानं खाल्ला.